पोतं अजून पाठीवरच

गळीत हंगाम सुरू झाला की साखर पोत्यांचं पूजन होतं. पोत्यांना हार, हळदकुंकू, समोर नारळ, मागे अध्यक्ष आणि संचालक मंडळ. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. ते पोतं पुढं थप्पीवर कोण चढवतो, ते कुठल्याच फोटोत नसतं.

ते गोदामात जाऊन बघावं लागतं. अनेक कारखान्यांत शिवलेलं पोतं पट्ट्यावरून गोदामापर्यंत येतं. पुढचं काम माणसाच्या अंगावर. हमाल पाठीवर गोणपाटाची घडी टाकतो आणि कंबरेत वाकतो. दोघे जण पोतं उचलून त्याच्या मानेखाली देतात. तो फळीवरून चढायला लागतो, पावलागणिक फळी दबते. वर पोचला की अंगाला एक हिसका, आणि पोतं नेमकं जागेवर. वजन 50 किलो. 10 टनांचा ट्रक भरायचा म्हणजे 200 पोती. चौघांची टोळी असेल तर एकेकाच्या वाट्याला 50 पोती, म्हणजे अडीच टन. हा झाला एक ट्रक. दारात दुसरा उभाच असतो.

ही गोदामं आमच्या बारामती भागातली. याच बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेऊन उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. उपग्रह वरून ऊस बघतो, जमिनीतले सेन्सर ओल मोजतात आणि पाणी कधी, खत किती हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी 2025 मध्ये या प्रयोगाचं जगासमोर कौतुक केलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. म्हणूनच राग येतो. उसाच्या कांड्याला उपग्रह मिळाला, आणि त्याच उसाची साखर वाहणाऱ्या माणसाला साधा उचलपट्टा मिळत नाही?

गोदामांचं भविष्य हा सध्या मोठ्या चर्चेचा विषय आहे. राज्य सरकारनं ऑगस्ट 2024 मध्ये लॉजिस्टिक धोरण मंजूर केलं. 10 हजार एकरांवर लॉजिस्टिक पार्क, 5 लाख रोजगार असं उद्दिष्ट त्यात आहे. ॲमेझॉननं 2025 मध्ये आपला 10 लाखावा यंत्रमानव जपानमधल्या गोदामात उतरवला. हे सगळं होऊ द्या. पण बारामती-इंदापुरात गोदाम म्हणजे आधी साखरेचं, खताचं आणि धान्याचं गोदाम. तिथं यंत्रमानव लागत नाही. थप्पीपर्यंत जाणारा फिरता पट्टा, पोती रचणारा स्टॅकर, पॅलेट आणि फोर्कलिफ्ट एवढं पुरतं. ही सगळी जुनी, रुळलेली, कुठंही दुरुस्त होणारी यंत्रं आहेत.

मग ती सगळीकडं का येत नाहीत? कारण माणूस स्वस्त आहे, आणि त्याची पाठ गेली तर तो खर्च कारखान्याच्या वहीत पडत नाही, त्याच्या घरात पडतो.

गिऱ्हाईक कडक असलं की सगळं जमतं, हे आपल्याकडच्या केळीनं दाखवून दिलंय. 5 डिसेंबर 2023 रोजी बारामतीहून केळीचा कंटेनर समुद्रमार्गे नेदरलँड्सला रवाना झाला. निर्यातीच्या केळीला ओरखडा चालत नाही. म्हणून फण्यांच्या मध्ये फोम घालतात, पॅकहाउसमध्ये त्या पाण्यातून धुऊन काढतात, खोक्यात हलक्या हातानं भरतात आणि 13 अंशांच्या आसपास थंड ठेवतात. केळीच्या सालीची एवढी काळजी घेणारे हात आणि डोकं याच मातीतलं आहे. तीच काळजी हमालाच्या मणक्याला द्यायची आहे.

पोत्याचं वजनही दगडावरची रेघ नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारनं युरियाची गोणी 50 किलोवरून 45 वर आणली. हेतू होता युरियाचा वापर कमी व्हावा हा. पण एका निर्णयानं देशभरातली गोणी 5 किलोंनी हलकी झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 सालीच प्रौढ पुरुषासाठी 55 किलो ही कमाल मर्यादा सुचवली होती. आपण अजून त्या मर्यादेच्या पाच किलो अलीकडंच घुटमळतोय. ब्रिटनमधलं सरकारी सुरक्षा मार्गदर्शन पुरुष कामगारासाठी 25 किलोच्या आसपासचा आकडा धरतं. साखर 25 किलोच्या पिशवीत भरायला कोणतं विज्ञान आडवं येतं?

आता खरी भीती. पट्टा आला की हमाल घरी बसणार का? ही भीती रास्त आहे, आणि ती झटकून टाकणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. 1969 च्या माथाडी कायद्यानं नोंदीत हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळतं, ते मालकानं मजुरीवर भरलेल्या लेव्हीतून. हातानं उचललेला माल कमी झाला की मजुरी घटते, आणि तिच्यासोबत लेव्हीही. यावर माझं मत स्पष्ट आहे: लेव्ही टनावर लावा. माल माणसानं उचलो की यंत्रानं, टन तेवढाच राहतो. आणि फोर्कलिफ्टच्या सीटवर बाहेरचा माणूस बसवण्याआधी टोळीतल्या तरुणांना शिकवा. कोणती पोती खाली, कोणती वर, थप्पी कुठं कलते, ओल कुठून चढते, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं कोणत्याही विक्रेत्याला कळत नाही.

माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. हे कारखाने सभासदांचे आहेत. वार्षिक सभेत आपण उसाच्या दरावर घसा कोरडा होईपर्यंत बोलतो, बोलायलाच हवं. यंदा हात वर करून आणखी एक प्रश्न विचारा: आपल्या गोदामात गेल्या हंगामात किती पोती पट्ट्यावरून चढली आणि किती पाठीवरून? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.