निरंक

बँकेत पैसे असतात, नसतं ते पेन. काउंटरवर सुतळीला बांधलेलं एक असतं, पण त्यात रिफिल नसते. रिफिल असलीच तर सुतळी स्लिपपर्यंत पोचत नाही. अशा वेळी 'कुणाकडे पेन आहे का हो?' असं अर्धवट पुटपुटावं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत डावीकडून एक हात पुढे यावा. तो अण्णांचा.

अण्णा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. साताऱ्यात आमच्या शेजारच्या वाड्यात राहतात. खिशाला कायम दोन पेनं. जगात पेन देणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. हिशेबी माणूस टोपण आपल्याकडे ठेवून पेन देतो, म्हणजे घेणाऱ्याला ते खिशाला लावता येत नाही. अण्णा टोपणासकट देतात. त्यामुळे महिन्याला दहाचं एक पाकीट लागतं. "बँकेत आपलं खातं आहे की स्टेशनरीचं दुकान?" असं काकू विचारतात. अण्णांना त्यातली खोच कळत नाही. ते म्हणतात, "खातं. बचत."

पेन देऊन ते बाजूला होतील तर शपथ. घेणारा काय लिहितोय याच्यावर त्यांची नजर. आयएफएससी कोडात अकरा अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्य असतं. लोक तिथं हमखास इंग्रजी 'ओ' काढतात. काढताना माणूस पेन जरा जास्त गोल फिरवतो म्हणे. त्यावरून अण्णा लांबूनच ओळखतात. "शून्य, शून्य! ओ नव्हे!" असं ओरडले की अख्खी रांग आपापली स्लिप तपासते.

त्यांचा खरा हंगाम नोव्हेंबर. पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवायचा महिना. समोर उभं राहणं हा पुरावा पुरत नाही, हयातीचा दाखला लागतो. 2014 पासून तो आधारशी जोडून मशीनवर निघतो. गेल्या नोव्हेंबरात खेड्यातून एक मावशी आल्या होत्या. मिलिटरीतल्या नवऱ्यामागची पेन्शन. मशीन बोट घेईना. उजवा अंगठा झाला, डावा झाला, दहाही बोटं झाली. जन्मभर भांडी आणि खुरपं. रेषा शिल्लक राहणार कुठून? अण्णांनी रुमाल काढून बोटं पुसायला लावली, तरी नाही. मग त्यांना आठवलं की 2021 पासून चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. त्यांनी मोबाइल समोर धरला आणि म्हणाले, "मावशी, इकडं बघा आणि डोळे मिचकावा."

मावशींनी पदर पुढं ओढला. "आवं भाऊ, भरल्या बँकेत आसलं काय सांगताय?"

अण्णा कानापर्यंत लाल. शेवटी मावशींच्या नातवाच्या हातात मोबाइल दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मावशींनी डोळे मिचकावले आणि सरकारदरबारी त्या जिवंत ठरल्या. जाताना त्यांनी पिशवीतून दोन मुठी भुईमुगाच्या शेंगा अण्णांच्या खिशात घातल्या. घरी येऊन अण्णांनी काकूंना सांगितलं ते एवढंच, "एका बाईंनी शेंगा दिल्या. किती चांगले लोक असतात!"

हे त्यांचं नेहमीचंच. कोणे एके काळी घाटात त्यांची स्कूटर बंद पडली, तेव्हा एका ट्रकवाल्यानं अर्धा लिटर पेट्रोल दिलं होतं. ते दर पावसाळ्यात ऐकावं लागतं. त्यांच्या खतावणीत देण्याची बाजू गच्च भरलेली, येण्याची कोरी. मी एकदा एसटीत एका आजींची पिशवी वरच्या फळीवर ठेवली होती, ते आत्तापर्यंत चार ठिकाणी सांगून झालंय. हे पाचवं.

यंदा ज्येष्ठ नागरिक संघानं समाजसेवेचा पुरस्कार जाहीर केला. मी अण्णांना बळंच अर्ज भरायला बसवलं. 'केलेल्या सामाजिक कार्याचा तपशील' या रकान्यापाशी अण्णा थबकले, विचार केला, आणि वळणदार अक्षरात लिहिलं : निरंक. चौतीस वर्षांची कारकुनी सवय, रकाना मोकळा सोडायचा नाही.

"अहो, ते बँकेतलं लिहा की!"

"त्यात काय लिहायचं? रांगेत उभं राहून माणूस दुसरं करणार काय?"

तेवढ्यात समोरच्या आळीतले एक गृहस्थ आले. यांच्या अर्जाला अकरा फोटो जोडलेले. रुग्णालयातल्या फळवाटपाच्या फोटोत एका केळ्याला सात हात लागलेत. आठवा पेशंटचा, त्याला सलाइन. म्हणाले, "अण्णा, तुमचं अक्षर चांगलं. तेवढा तपशील नीट उतरवून द्या." अण्णांनी दोन पुरवण्या जोडून, समास आखून, तपशील उतरवून दिला. 'फळवाटप'च्या शेजारी कंसात संख्या कमी वाटली म्हणून स्वतःच सुचवलं, "डझनात नको, नगात लिहू."

पुरस्कार त्या गृहस्थांना मिळाला. समारंभात शाल आणि पाकीट मिळाल्याच्या पावतीवर सही करायची होती, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं. दुसऱ्या रांगेतून अण्णा लगबगीनं उठले आणि त्यांनी पेन दिलं. टोपणासकट.