पैसे घेतलेत ना? मग तसं लिहा

सहाशे शब्द. मजकुरात दोन लिंका, दोन्ही डू-फॉलो. फोटो कंपनी देईल. 'स्पॉन्सर्ड' असा उल्लेख कुठेही नको. पोस्ट वर्षभर काढायची नाही. मोबदला पंधराशे रुपये, तोही पोस्ट लागल्यावर तीस दिवसांनी.

कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरात राहणाऱ्या एका मुलाने मला हा मेल दाखवला. बी.कॉम. झालाय, नोकरीच्या शोधात आहे, आणि मोबाइल, खाणं, लोकलचा प्रवास यांवर मराठीत नेटका ब्लॉग लिहितो. "काका, घेऊ का हे काम?" त्याने विचारलं. मी म्हटलं, घे. फक्त 'स्पॉन्सर्ड' लिहायचं नाही ही अट खोडायला सांग. नाही खोडली तर सोडून दे.

लिहिण्याचे पैसे घेण्यात काडीचंही गैर नाही. मराठीत लिहिणाऱ्याने फुकट लिहावं, आणि लिहून पोट भरायचं म्हटलं की त्याने लाजावं, ही आपली जुनी खोड आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. गुगलच्या अॅडसेन्स या जाहिरात-सेवेने हिंदीला 2014 साली दार उघडलं, मराठीला त्याच्याही मागून. त्यातून येणारे पैसे थेंबाथेंबाने जमतात. मग पोरं पेड रिव्ह्यूकडे वळतात. वळू देत. प्रश्न एवढाच आहे, की पैसे कोणी दिले हे वाचणाऱ्याला सांगितलं का?

हा धंदा आजकालचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोत 2006 साली 'पे-पर-पोस्ट' नावाची कंपनी निघाली. जाहिरातदार पैसे ठेवणार, ब्लॉगवाला त्या वस्तूवर लिहिणार, कंपनी मधली दलाली घेणार. पैसे मिळाले हे सांगण्याची सक्ती सुरुवातीला नव्हती. लोकांनी झोडपलं, तेव्हा त्याच वर्षाअखेरीला ती आली. पुढे 2009 च्या फेब्रुवारीत खुद्द गुगलच्या जपान शाखेने पैसे देऊन ब्लॉगवाल्यांकडून स्वतःबद्दल लिहवून घेतल्याचं उघड झालं. गुगलने आपल्याच जपानी साइटला शिक्षा केली, सर्चमधलं तिचं वजन सांगणारा पेजरँक 9 वरून 5 वर आणला. घरच्यालाही सोडलं नाही, ही गोष्ट मला आवडते.

शिक्षा का झाली ते समजून घ्या, कारण धंद्याचं खरं गुपित त्यातच आहे. एजन्सीला तुमचे वाचक नको असतात, तुमची लिंक हवी असते. एखाद्या साइटकडे किती आणि कोणत्या साइट बोट दाखवतात, यावर सर्चमधली तिची जागा बऱ्याच अंशी ठरते. म्हणून विकत घेतलेल्या लिंकवर तशी खूण करा, असं गुगल सांगतं. 2005 पासून त्यासाठी 'नोफॉलो' ही खूण आहे, 2019 पासून 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूणही आहे. मेलमधल्या 'डू-फॉलो'चा अर्थ एवढाच की ही खूण करू नका. "सर, ब्लॉगचा डीए किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. हा डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, गुगलचा नव्हेच, मॉझ नावाच्या एका खासगी कंपनीने काढलेला अंदाज आहे. पण रेट ठरतो त्याच्यावर. लेख चांगला की वाईट, वस्तू वापरून पाहिली की नाही, हे कोणी विचारतही नाही. नेहरूनगरच्या मुलाला आलेल्या मेलमध्ये ज्या हेडफोनचा रिव्ह्यू मागितला होता, तो हेडफोन पाठवण्याचा उल्लेखच नव्हता. न ऐकलेल्या हेडफोनच्या आवाजाचं सहाशे शब्द कौतुक करायचं!

आणि लिंक कशाची असते तेही पाहा. पुरणपोळीच्या पाककृतीखाली झटपट कर्ज देणारं अॅप. एकादशीच्या माहितीत रमीचं अॅप. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणंही गुन्हा ठरवलं आहे, तुरुंगवासाच्या शिक्षेसह. जुन्या पोस्टमध्ये असली लिंक राहिली असेल तर ती आजच काढा, हे मी अगदी हात जोडून सांगतो. एजन्सी मेल आयडी बदलून पसार होईल. ब्लॉगवर नाव तुमचं आहे.

आपल्या मराठी नियतकालिकांत एक साधी, सरळ रीत होती. 'परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात' असं छापलेलं असायचं, आणि आलेल्या पुस्तकांची यादी 'साभार पोच' म्हणून अंकात यायची. पुस्तक फुकट आलं हे वाचकापासून लपलेलं नसे. त्यानंतर परीक्षणकर्त्याने फाडलं काय आणि डोक्यावर घेतलं काय, व्यवहार उघड होता.

ती रीत आपणच मोडली. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एका नेत्याच्या स्तुतीचा तोच मजकूर एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः छापून आला. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून ते उघडकीला आणलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर सविस्तर अहवाल दिला, आणि कौन्सिलने 2010 साली तो पूर्ण प्रसिद्ध करायचंच टाळलं. मोठ्या दैनिकांनी हे केलं, मग कुर्ल्यातल्या पोरालाच का धरता, असं कोणी म्हणेल. मी दोघांनाही धरतो. दैनिकांना जास्त.

आता उलट बाजू, नावं ठेवणाऱ्याची. कुर्ल्याहून कलिन्याकडे निघालं की सीएसटी रोडवर मॅरिको कंपनीचं कार्यालय लागतं. पॅराशूट तेलवाली मॅरिको. अभिजित भन्साळी या यूट्यूबरने 2018 मध्ये पॅराशूटच्या शुद्धतेवर शंका घेणारा व्हिडिओ टाकला. कंपनी उच्च न्यायालयात गेली, आणि जानेवारी 2020 मध्ये एकल न्यायमूर्तींनी व्हिडिओ काढायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने काही भाग वगळून तो ठेवायला मुभा दिली. तेल कसं आहे या वादात मी पडत नाही. पण हजारो अनुयायी असलेल्या माणसाचं मत हे साध्या ग्राहकाच्या मतासारखं नसतं, त्याची जबाबदारी जास्त असते, हे न्यायालयाने म्हटलं ते बरोबरच आहे. मला सलतं ते वेगळंच. नावं ठेवणाऱ्याला कंपनी कोर्टात खेचते. पैसे घेऊन खोटी स्तुती करणाऱ्याला कोण खेचणार? ज्याचं नुकसान होतं तो ग्राहक एकटा असतो. त्याच्या हातात दीड हजाराचा बिघडलेला हेडफोन असतो आणि वकिलाची फी त्याहून मोठी असते.

कायदा आहे, बरं का. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची भलामण करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. वर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत जाहिरात करायला बंदी. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवरच्या मंडळींसाठी सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, हॉटेलातला मुक्काम, सवलत, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे, नजरेतून सुटणार नाही असं सांगा. हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक म्हणून. इथेच घोडं अडलं. प्रामाणिक माणूस मानक नसतानाही प्रामाणिक असतो. लबाडासाठी ऐच्छिक मानक काय कामाचं?

सगळ्यात बोलकी गोष्ट आयकराची. 1 जुलै 2022 पासून नियम आला, की कंपनीने रिव्ह्यूसाठी दिलेली वस्तू तुम्ही ठेवून घेतली, आणि अशा लाभांची किंमत वर्षाला 20 हजारांच्या वर गेली, तर त्यावर 10 टक्के कर कापला जाणार. मोबाइल परत केला तर लाभ नाही, ठेवला तर लाभ. म्हणजे तो मोबाइल ही कमाई आहे हे कंपनीला माहीत, लिहिणाऱ्याला माहीत, आयकर खात्याला माहीत. एकट्या वाचकाला सांगायचं, "मी हा फोन महिनाभर वापरला आणि प्रेमातच पडलो." ही सरळ फसवणूक आहे. दुसरा सौम्य शब्द मी वापरणार नाही.

याचा मार कोणाला बसतो ते कुर्ला पश्चिमेला स्टेशनबाहेर दिसतं. न्यू मिल रोडला, पाइप रोडला खाण्याची किती दुकानं आहेत! एखादं नवं हॉटेल उघडतं आणि आठवड्यात मॅपवर पाच ताऱ्यांची रांग लागते. 'नाइस अँबियन्स, मस्ट व्हिजिट, स्टाफ व्हेरी पोलाइट.' आत चार टेबलं आणि एक पंखा. शेजारी वर्षानुवर्षं डाळ-भात, भाजी, सुकट वाढणाऱ्या मावशींकडे कोणी फूड ब्लॉगर 'कोलॅब'साठी येतो. चार जणांचं जेवण फुकट आणि वर तीन हजार. त्या नाही म्हणतात, मग त्या मॅपवर दिसतच नाहीत. रिव्ह्यू विकत न घेणारा दुकानदार मागे पडतो, हा या धंद्याचा सगळ्यात वाईट परिणाम आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

मॅपवरची ही ताऱ्यांची रांग लावायलाही गरजू माणसंच धरली जातात. 'घरबसल्या रिव्ह्यू द्या, प्रत्येकी पन्नास रुपये' असा व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो. काही ठिकाणी पहिले दोनशे-चारशे रुपये खरोखर जमा होतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपात घेतात, 'प्रीपेड टास्क'साठी आधी पैसे भरायला सांगतात, आणि बचत गिळतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीतल्या शंभराहून जास्त साइट बंद केल्या. गुंतला असाल तर लाज धरू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येतात, म्हणून तासाचाही फरक पडतो.

ब्लॉग लिहिणाऱ्या मुलामुलींनो, कमवा. रेट कार्ड करा, कमी पैशांत राबू नका, आगाऊ रक्कम मागा. वस्तू हातात आल्याशिवाय तिच्यावर एक ओळ लिहू नका. आणि पोस्टची पहिली ओळ मराठीत, मजकुराच्याच आकाराच्या अक्षरांत अशी लिहा: 'या लेखासाठी मला अमुक कंपनीकडून पैसे मिळाले आहेत.' ही ओळ नको म्हणणाऱ्या एजन्सीला नकार कळवा. आणि वाचकहो, अशी ओळ दिसली म्हणून त्या पोराला नावं ठेवू नका, तो तुमच्याशी खरं बोलतोय. जिथे ती नाही आणि स्तुतीचा पूर आहे, तिथे खाली सरळ विचारा, किती मिळाले? उत्तर आलं नाही आणि वस्तू घेऊन फसला असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.