कुरव, कार्टी आणि कॅमेरा

समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने समुद्रपक्ष्यांचा नाद करू नये, असा एमआयडीसीचा काही नियम नाही. त्यामुळे वाळूजच्या बजाजनगरात दर दोन-चार गल्ल्यांआड असा एक गृहस्थ सापडतोच. चाळिशी उलटलेली, खातं क्वालिटीचं, मोहटादेवी मंदिराच्या आसपास रो-हाऊस आणि त्याचं कर्ज नुकतंच फिटलेलं. हप्ता बंद झाला की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग तो दीडशे-सहाशेची, दोन किलो वजनाची लेन्स घेतो. तेवढ्या पैशांत नवी मोटारसायकल आली असती, हे बायको ऐकवते. पण मोटारसायकली काय, लाइनवर रोज डोळ्यांसमोरून जातातच.

यांची शाळा नाथसागर. वाळूजला बजाजचा कारखाना आला 1985 साली आणि जायकवाडी धरणाचा हा जलाशय पक्षी अभयारण्य झाला 1986 साली. म्हणजे स्थलांतरित फिटर आणि स्थलांतरित पक्षी या भागात साधारण एकाच वेळी अधिकृत झाले. पाहुणे आले की ते धरणाच्या 27 दरवाजांपुढे उभं राहून फोटो काढतात. आपले गृहस्थ तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते पहाटेच कायगाव टोक्याच्या पुढे कुठंतरी गाळपेराच्या जमिनीत पोटावर पडलेले असतात. चक्रवाक, शेकाट्या, नदी सुरय, पाणी ओसरलं की रोहित असं सगळं यथासांग टिपून होतं. मग एके दिवशी त्यांना वाटतं, आता खरा समुद्र. शिवाय पोरांना सुट्ट्या आहेतच.

नगर, पुणे, ताम्हिणी, माणगाव करत गाडी दिवेआगरला पोचते तेव्हा मागच्या सीटवर दोन्ही पोरं ओकून झोपलेली असतात. यांच्या मोबाइलमध्ये एक्सेल शीट तयार: सूर्यास्त, वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ. फक्त रेंज नसते. घरगुती खानावळीचे मालक नारळ सोलता सोलता विचारतात, "साहेब, आज तिथी कुठली?"

"ते ॲपमध्ये होतं..."

"अष्टमी आज. आठाची पाऊणपट सहा. सहाला पाणी पूर्ण भरणार."

तासाभराने रेंज येते आणि ॲपसुद्धा जवळपास तेच सांगतं. गृहस्थांना हे आवडत नाही. गेज न लावता माप बरोबर निघालेलं क्वालिटीच्या माणसाला कधीच आवडत नाही.

किनाऱ्यावर त्यांचं ज्ञान मात्र वादातीत. कुरवांचा, म्हणजे सीगलचा, थवा वाळूवर बसतो तो वाऱ्याकडे तोंड करून आणि उडतोही वाऱ्याकडेच, हे त्यांना पाठ आहे. म्हणून फोटो काढणाऱ्याने वारा पाठीवर घ्यावा, पक्षी अंगावर येतात. ऊनही पाठीवर हवं. आता कोकणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी वारा येतो समुद्रावरून आणि सूर्यही असतो समुद्रावरच. तेव्हा शास्त्राप्रमाणे एकच जागा उरते: लाटांच्या तोंडाशी, समुद्राकडे पाठ करून. मराठवाड्यातून एवढी मजल मारून आलेला हा माणूस तिथे ओल्या वाळूत पालथा पडतो. टी-शर्ट वर सरकलेला, ढोपरं रुतलेली, लेन्सच्या तोंडाला मुलीची जुनी शॉवर कॅप. समुद्र मागे कुठंतरी असतो.

त्यांना हवी असते एकच फ्रेम: पोरं धावताहेत आणि थवा उठतोय. ही कल्पना त्यांची एकट्याची असल्याचा त्यांचा ठाम समज आहे.

"धावा रे! पक्ष्यांवर नाही, पक्ष्यांच्या बाजूने! लडाखहून दमून आलेत बिचारे, त्यांना उडवायचं नाही."

"मग उडणार कसे, पप्पा?"

"आपणहून. आणि तू कॅमेऱ्याकडे बघू नकोस. नैसर्गिक हस."

थोरली जिवाच्या आकांताने नैसर्गिक हसते. धाकटा एव्हाना खेकड्याच्या बिळात काडी घालून बसलेला. तो तिथूनच विचारतो, "हा कुठला पक्षी?"

"तपकिरी डोक्याचा कुरव."

"डोकं तर पांढरं आहे."

थंडीत यांचं डोकं पांढरं असतं, कानामागे एक डाग तेवढा राहतो, तपकिरी रंग विणीच्या दिवसांत चढतो वगैरे खुलासा वाळूत पडल्या पडल्या होतो. खुलासा बरोबर असतो. ऐकायला खेकडाही थांबलेला नसतो.

तेवढ्यात शेजारचं एक कुटुंब शेवेचं पाकीट फोडतं आणि सगळा थवा तिकडे. पक्ष्यांना तळलेलं घालू नये यावर सोसायटीच्या हॉलमध्ये या गृहस्थांनी स्लाइड शो दिलेला आहे. पण डोक्यावर पंख पसरलेले कुरव आणि खाली हात उंचावून किंचाळणारी पोरं, असं दृश्य समोर आलं की तत्त्वं थोडी आउट ऑफ फोकस होतात. लेन्स गुपचूप तिकडे वळते, बटण दाबलेलंच राहतं. मग पोरांचा बाप तरातरा येतो. "ओ, कुणाचे फोटो काढताय?" त्याचं विचारणं रास्तच आहे, एवढं नळकांडं आपल्या पोरांवर रोखलेलं कुणालाही खपणार नाही. गृहस्थ धडपडत उठतात, फोटो दाखवतात, आधी विचारायला हवं होतं म्हणतात, पुसतो म्हणतात. बाप विरघळतो. "पुसू नका. उलट आमचा सगळ्यांचा एक काढा." आता सहाशेच्या लेन्समध्ये नऊ माणसं मावायची, तर पार सुरूच्या बनापर्यंत मागे जायला लागतं. तिथून "जवळ या, जवळ या" कुणालाही ऐकू जात नाही.

पुन्हा जागेवर येऊन पालथं पडेपर्यंत सहा वाजत आलेले. "अहो, पाणी!" बायको ओरडते. भरती मागून येते, खानावळीच्या मालकांच्या हिशेबाने. दोन्ही हातांत कॅमेरा डोक्यावर धरून गुडघ्यांवर उभे राहिलेले पप्पा, खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये एक्सेल शीट. पोरं त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसतात. ते टिपायला अर्थात कॅमेरा मोकळा नसतो.

रात्री तपासणी. ओके, रिवर्क, रिजेक्ट. पंख कापला गेला, रिजेक्ट. धाकट्याचं नाक वाहतंय, रिवर्क. "तुझे डोळे मिटलेत बघ. आणि या कुरवाचा डोळा बघ, कसला शार्प आलाय!" थोरलीची तुलना आजवर मावसबहिणीशी व्हायची, आता कुरवाशी होते.

शेकडो फोटोंतून एक ओके निघतो. मुलगी धावतेय, थवा उठलाय, उजेड पिवळाधमक. गृहस्थ तो मोठा करून दिवाणखान्यात लावतात. फोटो उत्तमच आहे. फक्त कॅमेऱ्याची पाठ समुद्राकडे असल्यामुळे त्यात समुद्र नाही. पायांखाली थोडं चकचकीत पाणी, मागे अंधूक झाडं.

शेजारचे काका चहा घेता घेता फोटो न्याहाळतात आणि मान डोलावतात.

"झकास. काय हो, जायकवाडी किती टक्क्यांवर आहे सध्या?"

गृहस्थांचा चेहरा पडतो. पण आकडा ते सांगतात, दशांश चिन्हासकट.