कुंडीवाले काका

जानेवारी सरत आला की लालबागच्या चाळीतले कुंडीवाले काका तोंड धुण्याआधी गॅलरीतून हात बाहेर काढतात, बोटं हलवून हवा जोखतात आणि आत वळून जाहीर करतात, "गारवा आहे अजून. वांगं टिकेल."

टिकायलाच हवं. महापालिकेचं झाडं, फुलं, फळं आणि भाजीपाल्याचं प्रदर्शन भायखळ्याच्या राणीच्या बागेत साधारण याच दिवसांत भरतं. विलायतेत गावोगावी असली प्रदर्शनं ऐन उन्हाळ्यात भरतात म्हणे. इथे मे महिन्यात भरवलं, तर पिटुनियाच्या आधी परीक्षक माना टाकतील.

असा एक तरी काका गिरगाव, दादर, परळच्या दर चाळीत सापडतो. याची शेती म्हणजे आठ कुंड्या, रंगाचे दोन रिकामे डबे आणि एक फुटका टब. सातबारा नाही, पण बांधावरची भांडणं सगळी आहेत. शेजारच्यांचं वाळत घातलेलं धोतर मिरचीवर सावली धरतं आणि खालच्या वहिनींच्या पापडांवर वरून खतपाणी ठिबकतं. चहाचा चोथा घरोघरी फिरून गोळा होतो. पिठ्या ढेकूण काढायला काकूंचा टूथब्रश. जुना, असं काका म्हणतात.

मधमाश्या तिसऱ्या मजल्यापर्यंत क्वचितच येतात. त्यामुळे दूधवाल्याच्या आधी उठून भोपळ्याचं नरफूल मादीफुलाला टेकवणं आणि वांग्याच्या फुलांना टिचक्या मारून पराग झाडणं, ही कामंही काकांकडेच. "आज दोन लग्नं लावली," असं सांगत ते चहाला बसतात.

प्रदर्शनाच्या दिवशी टॅक्सीत वांग्याची कुंडी काकांच्या मांडीवर असते आणि काकू बसने येतात.

आत गेल्यावर मात्र सगळी गर्दी फुलांनी सजवलेल्या देखाव्यांपुढे. २०२५ साली विषय राष्ट्रीय प्रतीकांचा होता, तेव्हा मोबाइल वर धरलेल्या हातांमधून वाट काढता काढता काकांचा चष्मा दोनदा पडला. भाजीपाल्याच्या मांडवात तेवढा निवांतपणा. तिथे काका आपल्या वांग्याशेजारी उभे राहतात, शेजारच्या वांग्याकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "युरिया."

दुपारनंतर ते बागेचे बिनपगारी वाटाडे होतात. बोन्सायचं वय खोडून काढतात, कुणाच्या तुळशीला पाणी जास्त होतंय ते सांगतात, मग चारपाच कुटुंबं गोळा करून उर्वशीचं झाड दाखवायला नेतात. "अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस! मूळची ब्रह्मदेशची." एवढ्यात एखादं पोर विचारतं, "आजोबा, पेंग्विन कुठायत?"

"बाग १८६२ची आहे, बाळ. पेंग्विन आले २०१६ला!" काका तडकतात. पण वाट बरोबर दाखवतात.

बक्षीस दुसऱ्याच वांग्याला मिळतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडी परत मांडीवर येते, खिशात घोसाळ्याच्या बियांची पुडी असते. "परीक्षकांनी पान उलटून पाहिलं," काका टॅक्सीवाल्याला सांगतात. "दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही."

सोमवारी काकूंनी ती वांगी चिरली. दोनच होती आणि जेवायला माणसं पाच, म्हणून रश्शात बटाटे घातले.

काकांनी बटाटे ताटाच्या कडेला काढून ठेवले.