लोहाराशी एक डाव

ग्वेंटमध्ये हरायचं कसं, हे मी कोणालाही शिकवू शकतो. हसू नका. 'द विचर 3' या गेममधल्या या पत्त्यांच्या खेळाची निम्मी विद्या तीच आहे. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, आणि सुरुवातीला मिळालेली दहा पानंच शेवटपर्यंत पुरवायची. म्हणून शहाणा माणूस पहिल्या फेरीत समोरच्याला चढवतो, त्याची जड पानं खर्ची पाडतो आणि मुकाट पास म्हणून फेरी सोडून देतो. माझ्या तोंडून पास निघत नाही. समोर खेड्यातला लोहार, तोही संगणकाने चालवलेला. तरी तो एका गुणाने पुढे गेला की माझ्या घराण्याचा अपमान होतो. पहिली फेरी मी दणक्यात जिंकतो. तेव्हा माझ्या हातात एक पान उरलेलं असतं आणि लोहाराच्या हातात सहा.

यावर औषध म्हणजे हेर. हेरांवर मी तासभर बोलतो, घरच्यांना विचारा. हेराचं पान टाकायचं आपण, पण ते जाऊन बसतं शत्रूच्या रांगेत आणि गुणही त्यालाच मिळतात. बदल्यात आपण गड्डीतून दोन पानं ओढायची. प्रिन्स स्टेनिस शत्रूला पाच गुण देऊन बसतो, थेलर बिचारा एकच. म्हणून थेलर मला सख्ख्या भावासारखा. शत्रूने हेर धाडला तर डिकॉयचं पान टाकून तो उचलायचा, त्याच्याच अंगणात परत सोडायचा आणि वर दोन पानं घ्यायची. आहेरातला ब्लाउजपीस घरोघर असाच फिरतो, फक्त त्यावर कोणी पानं देत नाही. बाकी थंडी-पाऊस-धुक्याची पानं आहेत, ती वापरा. आणि गड्डीत सैनिक बावीसच ठेवा, म्हणजे चांगले लवकर हाती लागतात.

तिकडे गेमचा नायक गेराल्ट, म्हणजे खेळताना मीच, त्याची मानलेली लेक सिरी जीव मुठीत धरून पळत असते. तिला शोधायचं सोडून मी सराईवाल्याला एका डावासाठी गळ घालतो. बायको-लेक बेपत्ता झालेल्या बॅरनलाही मी सोडला नाही. त्याच्याकडून पान जिंकूनच उठलो.

पण गेराल्टला तरी काय बोलावं? रस्त्याने जाताना लोक त्याला बघून थुंकतात. राक्षस मारावा, पैसे घ्यावेत आणि गावाबाहेर व्हावं, एवढंच त्याचं काम. पत्ते काढले की मात्र त्याच लोकांतला कोणीतरी त्याच्यासमोर बसतो. आमच्याकडे उलटंच. सोसायटीच्या क्लबहाउसात 'पत्ते खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे. जुगार होतो म्हणे! निवृत्त मंडळी तिथे मेंढीकोट खेळायची, हरल्यावर चहा पाजायची, एवढाच जुगार. आता त्या जागी ट्रेडमिल आहे आणि त्यावर कोणीतरी एकटं भिंतीकडे तोंड करून धावत असतं. समोरच्या दारातल्या काकांशी माझं बोलणं लिफ्टच्या मजल्यापुरतं. पाटी लागली तेव्हा ते लिफ्टमध्ये काहीतरी म्हणाले होते. मी मोबाइलवर डिकॉय कधी टाकावा ते वाचत होतो.

त्यांना घरीच बोलवावं म्हणतो. मेंढीकोटात पास म्हणायची सोयच नाही, म्हणजे तो माझाच खेळ. चौघं लागतात, एवढीच पंचाईत; आणि लोहार काही स्क्रीनबाहेर यायला तयार नाही.