मुद्रितशोषक

दिवाळी अंकांची कामं संपली आणि आमच्या मालकांनी छापखान्याला कुलूप लावलं. मी तिथं चोवीस वर्षं मुद्रितशोधक होतो. वय बावन्न. नोकरीसाठी अर्ज म्हणून कधी लिहिलाच नव्हता. २००१ साली काकांनी मालकांकडे शब्द टाकला, मालक म्हणाले, “उद्यापासून ये,” आणि मी गेलो. त्याच साली पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची ७.० ही आवृत्ती आली. त्यानंतर पेजमेकरची नवी आवृत्ती निघाली नाही. माझीही नाही.

आयुष्यात मी एकच बायोडेटा लिहिला होता, लग्नाचा. तो पहिल्याच घरी मंजूर झाला होता, त्यामुळे रेझ्युमे लिहायला बसलो तेव्हा नमुना तोच घेतला. वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’, खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, उंची, वडिलांचा हुद्दा, मूळ गाव. एकूण चार पानं झाली. भाची बाणेरला एका कंपनीत एचआरमध्ये आहे, तिला दाखवली.

“मामा, आजोबा अव्वल कारकून होते हे मलाही आजच कळलं. पण कंपनी तुला घेणारे की आजोबांना?”

तिनं लाल पेन मागितलं. चोवीस वर्षं मी ज्या पेनानं लोकांची छाती धडधडवली, ते मी स्वतःच्या हातानं तिला काढून दिलं. गणपती गेला, उंची गेली, वडील गेले. ‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ’ यावर तिनं एकच आडवी रेघ मारली. “आळशी आणि भांडकुदळ असं कोण लिहितं?” ‘छंद : वाचन’ हेही गेलं, कारण दिवसभर पगार घेऊन जे करतो त्याला छंद म्हणत नाहीत. मग म्हणाली, शेवटची नोकरी वर लिही, पहिली खाली. मला नोकरी एकच. ती वर आणि खाली दोन्हीकडे कशी लिहायची, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली.

“विशेषणं नकोत, आकडे दे. दिवसाला किती पानं वाचायचास?”

“चाळीस.”

तिनं मोबाइलवर गुणाकार केला. वर्षाचे तीनशे दिवस, चोवीस वर्षं : २ लाख ८८ हजार पानं. चष्म्याचा नंबर का वाढत गेला याचा उलगडा मला इतक्या वर्षांनी झाला.

“आता यश सांग.”

इथं मात्र मी अडलो. आमच्या धंद्यात यश म्हणजे जी चूक छापली गेली नाही ती. तिचा पुरावा कुठून आणू? शुद्धलेखनाचे अठराच्या अठरा नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, मला झोपेत येतात. पण त्या जोरावर मी किती वेलांट्या सरळ केल्या याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पुरावा राहतो तो फक्त अपयशाचा. एका सत्कार विशेषांकात ‘माजी आमदार’ऐवजी ‘पाजी आमदार’ छापलं गेलं, त्याच्या हजार प्रती आजही कुणाकुणाच्या कपाटात असतील. आमदारांनी मोठ्या मनानं घेतलं. विरोधकांनी मात्र पन्नास प्रती जादा मागवल्या. हा विक्रीतला वाढीव आकडा लिहू का, असं मी भाचीला विचारलं. तिनं पेनाचं टोपण लावलं.

मग मला लिओनार्दो दा विंची आठवला. (प्रुफं वाचणाऱ्याला सगळ्या विषयांतलं अर्धवट कळतं, हा या धंद्याचा एकमेव भत्ता.) त्यानं १४८२च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे नोकरी मागणारं पत्र लिहिलं. त्यात हलके पूल, तोफा, झाकलेले रथ अशी कलमामागून कलमं, आणि मला चित्रंही काढता येतात हे अगदी शेवटी. समोरच्याला जे हवं ते आधी. भाचीचंही तेच म्हणणं होतं : बऱ्याच ठिकाणी अर्ज माणसाच्या आधी सॉफ्टवेअर चाळतं, म्हणून जाहिरातीतले शब्द आपल्या अर्जात हवेत. मी जाहिरात समोर ठेवून सगळे शब्द उतरवले. कौशल्ये : डेडलाइनचा ताण सोसणे, टीमवर्क, सोशल मीडिया, स्वतःची दुचाकी. दुचाकी चालू आहे का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. लिओनार्दोला तोफांच्या कल्पना तरी सुचत होत्या, मला सोशल मीडियात फक्त नातेवाइकांच्या शुभेच्छांतले ऱ्हस्वदीर्घ दिसतात.

अर्ज सुबक हवा म्हणून जुन्या डीटीपीवाल्या मित्राकडून श्रीलिपीत बसवून घेतला. दोन रकाने, वेलबुट्टीची चौकट, लंबगोलात फोटो. तीन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून उत्तर आलं, “सर, फाइल खराब आहे.” त्यांच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची खूण दिसत होती. या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात भाड्यानं राहतात. फॉन्ट नसला की दार मूळ मालकच उघडतो.

कन्व्हर्टर लावून सगळं युनिकोडमध्ये आणलं. चौकट काढली, दोन रकान्यांचा एक केला, कारण रकाने आणि चौकटी वाचताना सॉफ्टवेअर गडबडतं. पीडीएफ केली. एका पानाचा नेटका अर्ज. मी तीनदा वाचला, एकदा उलटा, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. भाचीनं वाचला. अकरा ठिकाणी गेला.

बाराव्याच्या वेळी बायको भाजी निवडता निवडता पडद्याकडे बघून म्हणाली, “अहो, हे शोषक काय?”

चोवीस पॉइंटात, ठळक, नावाच्या बरोबर खाली : ‘अनुभवी मुद्रितशोषक’. कन्व्हर्टरनं केलं की दुरुस्त करताना माझ्या बोटांनी, देव जाणे. चूक नेहमी मथळ्यात लपते, कारण मोठं अक्षर कुणी वाचत नाही, नुसतं बघतं. छापखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो.

अकरापैकी दहा ठिकाणं गप्प राहिली. अकराव्या ठिकाणच्या संपादकांचा फोन आला. “तुमचा अर्ज आम्ही ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला,” म्हणाले. मी कन्व्हर्टरचा खुलासा सुरू केला, तर त्यांनी मध्येच थांबवलं. “राहू द्या हो. शोषणाचं आपण पगार ठरवताना बोलू.”

बोललो. पगार आधीपेक्षा चार हजारांनी कमी आहे. नेमणूकपत्र काल आलं. त्यात तीन चुका आहेत, एक माझ्याच आडनावात. मी काही बोललो नाही. सही करून दिली.