थोरल्या लेन्सचा थाट

थंडीत भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवर रविवारी सकाळी फ्लेमिंगोंपेक्षा लेन्सचीच पाहणी जास्त चालते. अमक्याची चारशेची, तमक्याची सहाशेची. 55-250वाल्या पोराकडे मात्र सगळे ‘होईल हळूहळू’ अशा नजरेनं बघतात. वास्तविक त्याचं काहीच अडलेलं नाही. कॅननच्या क्रॉप बॉडीवर 250 मिलिमीटरची चौकट फुल-फ्रेमवरच्या 400 इतकीच पडते. शिवाय खाडीला भरती चढू लागली की चिखल आक्रसतो आणि पक्षी आपणहून काठाकडे सरकतात. लाखभर रुपयांचं काम भरती-ओहोटीचं वेळापत्रक फुकटात करतं. पण ते गळ्यात अडकवून मिरवता येत नाही ना!

आक्षेप ठरलेला: स्वस्त लेन्स कमी उजेडात लंगडी पडते. पडतेच. एफ 5.6 म्हणजे एफ 2.8च्या चौथ्या हिश्श्याइतका उजेड. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दाट झाडीखाली आयएसओ चढवावा लागतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात. स्टॅबिलायझर हाताचा कंप आवरतो, उडता खंड्या थांबवत नाही. पण म्हणून बापाच्या नावावर हप्ते बांधून दीड किलोचं धूड लोकलच्या गर्दीत मिरवायचं, की ऊन जरा वर येईपर्यंत थांबायचं? हप्त्यांपेक्षा सेकंड-हँड 55-250 घ्यावी, आणि घेताना आत टॉर्च मारून बुरशीचं जाळं शोधावं. विकणारा ‘एकदाही वापरली नाही हो’ अशी शपथ घेत असेल, तर टॉर्च जरा जास्तच वेळ मारावा: मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते ती कपाटात पडून राहिलेल्या लेन्सलाच.